शेवटच्या धड्याचं फाटक

१ सप्टेंबर, मंगळवार

आज गाडी गेली. माझ्या ड्रायव्हिंग स्कूलमधले दुसरे शिक्षक सकाळी येऊन घेऊन गेले. दोन ब्रेक, दोन क्लच आणि छपरावर ‘शिकाऊ’ची पाटी असलेली गाडी. त्यांनी मागे घेताना आरशात बघितलं की नाही, ते मला दिसलं नाही. दिसलं नाही, हाच तर सगळा घोळ आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काका, दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल.”

मी म्हणालो, “म्हणजे दोन्हीकडचे आरसे दिसतील, रस्ता तेवढा दिसणार नाही.” त्या हसल्या नाहीत. डॉक्टर लोकांना विनोद कळत नाही, किंवा कळतो पण परवडत नाही.

खरं सांगायचं तर मी समोरच्या माणसाकडे बघितलं की चेहऱ्याच्या जागी पाटीवर ओलं बोट फिरवल्यासारखं होतं. कान दिसतात. केस दिसतात. बूट तर फारच छान दिसतात. नाक-डोळे तेवढे आपण आठवणीतून भरायचे.

ही वही ठकीने आणून दिली. ठकी म्हणजे माझी लेक. तिचं खरं नाव कागदोपत्री आहे, पण ती जन्मली तेव्हापासून ठकीच. सोबत एक जाड काळं पेन. “रोज लिहा, बाबा. अक्षर बिघडायला लागलं की आपल्याला कळेल.” एका पानावर पाच ओळी मावतात. लहान मुलाच्या हातात खडू द्यावा तसं वाटतं, पण लिहितोय.

३ सप्टेंबर, गुरुवार

ठकी येऊन गेली. दूध उतू गेलेलं बघितलं आणि ओट्यापाशी उभी राहून नुसतीच फडक्याने पुसत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं. मी म्हणालो, दूध सगळ्यांचंच उतू जातं. ती म्हणाली, “बाबा, भांडं एका शेगडीवर होतं आणि पेटवलेली दुसरी होती. भांडं नंतर सरकवलंत, हात भाजला, आणि तो तुम्ही खिशात लपवलाय.”

काढला बाहेर. काय करणार.

तिचं म्हणणं, मी तिच्याकडे राहायला यावं. सहावा मजला, मागची खोली, जावई बिचारे काही बोलत नाहीत. तिला माझी काळजी वाटते, हे मला कळतं. पण काळजी करणाऱ्याच्या घरात राहणं म्हणजे चोवीस तास परीक्षेला बसणं. मी आयुष्यभर दुसऱ्यांना परीक्षेला पाठवलं, स्वतः बसायची सवय नाही. आणि हे घर मला पाठ आहे. ही गेली त्यालाही बरीच वर्षं झाली, तरी अंधारात तिची खुर्ची मला लागत नाही.

बराच वाद झाला. शेवटी ठकी म्हणाली, “बरं. एकट्याने कुठेतरी जाऊन दाखवा. कोपऱ्यावरच्या दुकानात नाही, लांब. बसने जायचं, फिरायचं आणि बसनेच परत यायचं. टॅक्सी नाही, कुणाच्या गाडीतून नाही. महिनाअखेरपर्यंत जमलं तर मी हा विषय परत काढणार नाही.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर सामान बांधायचं.”

मी लगेच हो म्हणालो. तिने आणखी एक अट घातली. रविवारीच जायचं, म्हणजे तिला सुट्टी असते, फोन केला तर येता येईल. मी म्हणालो, फोन येणार नाही. ती म्हणाली, बघू.

मग मला औषध आणायला तिच्या गाडीतून घेऊन गेली. वळणावर ब्रेक मारताना टाच उचललीच. मी म्हणालो, “टाच खाली.”

“बाबा, मला गाडी चालवून पंधरा वर्षं झाली.”

पंधरा वर्षं झाली तरी टाच वरच आहे. अठराव्या वर्षी मीच शिकवलं तिला. हात उत्तम, नजर उत्तम, एवढा एकच दोष. जमिनीवर टाच टेकवून पंजाने ब्रेक दाबायचा, तर ही अख्खा पाय उचलून आपटते. आणि गाडीत दुसरीकडे कुठेही बसली तरी समोर काही आलं की पाय आपटणारच. तो मात्र माझ्याकडून घेतलेला आजार आहे. मीही जिथे बसेन तिथे ब्रेक मारतो. सिनेमाच्या थेटरातसुद्धा.

५ सप्टेंबर, शनिवार

कुठे जायचं ते ठरलं. मोठ्या जंगलात.

शहराबाहेरचं सार्वजनिक जंगल. कुणीही जावं, दिवसभर फिरावं. माझ्या शाळेतला शेवटचा धडा म्हणजे तिथपर्यंतचा रस्ता. पाण्याची टाकी, पेट्रोल पंप, मोठा पूल, गोल चौक आणि चौकापलीकडे जंगलाचं फाटक. फाटकासमोर गाडी वळवायची, म्हणजे पुढे-मागे-पुढे करून, आणि परत. ज्याला ते वळण जमलं तो परीक्षेला तयार.

हजारदा गेलो असेन. एकदाही गाडीतून खाली उतरलो नाही. शिकाऊ लोक वळताना घाबरून विचारायचे, “सर, आत काय आहे?” मी म्हणायचो, “झाडं. तुम्ही आरशात बघा.”

आत खरंच काय आहे, हे मला आज अचानक जाणून घ्यावंसं वाटायला लागलंय. एवढी वर्षं कसं वाटलं नाही कोण जाणे. सकाळपासून दोनदा पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली. पाण्याची बाटली, बिस्किटं, टोपी.

६ सप्टेंबर, रविवार

पहिला प्रयत्न. फसला. पण फसण्यातही गंमत होती, ती लिहून ठेवतो.

पुलाकडे जाणारी बस माहितीची होती. आमच्या थांब्यावरून सुटणारी ती एकच, म्हणून नंबर वाचायची भानगड नाही. थांब्यावर मी आणि पिवळ्या रेनकोटातल्या एक बाई. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि बाईंनी टोपी पार कपाळाखाली ओढलेली. काही लोकांचा हवामान खात्यावर फारच विश्वास.

मी पुढच्याच सीटवर बसलो. सिग्नलला ब्रेक मारला, वळणावर मारला, एका सायकलवाल्यासाठी तर जोरात मारला. ड्रायव्हर शेवटी म्हणाला, “काका, तिकडे खाली काही आहे का?” मी म्हणालो, सवय आहे. तो म्हणाला, “मग जरा हळू मारा, मला वाटतं कोणी दार ठोकतंय.”

टाकी गेली, पंप गेला. पुलाच्या अलीकडे मी घंटी दाबली. बस पुलानंतर कुठे न थांबता चौकातून उजवीकडे पुढच्या गावाला जाते, हे माहीत होतं. म्हटलं पूल चालत ओलांडू.

पुलाला पदपथच नाही! हजारदा ओलांडलेला पूल, आणि त्याला पदपथ नाही हे आज कळलं. चाकं होती तोवर पायांची आठवण कशाला येईल? ट्रक चढावर दुसरा गिअर टाकून गुरगुरत वर जात होते आणि मी कठड्याशी उभा, पतंग कटलेल्या पोरासारखा.

मग पुलाखाली उतरलो. तिथून जंगलाचं कुंपण लागतं. कुंपणाकडेने चालत गेलो तर एक गोल फिरणारं लोखंडी फाटक सापडलं, एका वेळी एक माणूस जाईल असं. मी ढकललं. हलेना. जोर लावला. हलेना. तेवढ्यात आतून पळत पळत एक बाई आल्या, त्यांना बघून फाटक कसं गपगुमान फिरलं. त्या म्हणाल्या, “काका, हे फक्त बाहेर पडायला आहे. बसने यायचं तर मागच्या फाटकाला या. तिकडची बस वेगळी, मोठ्या स्टँडवरून सुटते.” आणि पळाल्या.

मी थोडा वेळ कुंपणाला धरून उभा राहिलो. आतून ओला, गार वास येत होता, कपाट बऱ्याच दिवसांनी उघडल्यावर येतो तसा, पण चांगला. पाच पावलांवर जंगल, आणि मी बाहेर.

परतीच्या थांब्यावर त्या रेनकोटवाल्या बाई झाडाआड उभ्या होत्या. त्यांचंही काम झालेलं दिसलं नाही.

संध्याकाळी ठकीचा फोन. मी खरं सांगितलं, जमलं नाही. मला वाटलं खूश होईल. “अजून तीन रविवार आहेत, बाबा,” म्हणाली. आवाज दमलेला होता. हिलाही रविवारी नीट विश्रांती मिळत नाही.

१३ सप्टेंबर, रविवार

हे लिहायलाच नको होतं, पण नियम म्हणजे नियम.

मोठ्या स्टँडवर बसच बस. सगळ्यांच्या कपाळावर नंबर आणि माझ्या डोळ्यांत बरोबर तिथेच डाग. मान तिरकी करून कडेने वाचायचा प्रयत्न केला तर शेजारच्या माणसाला वाटलं मी त्याच्याकडे रागाने बघतोय. तो उठून गेला. कुणाला विचारावं तर जीभ रेटेना. ज्याने अर्ध्या शहराला गाडी शिकवली, त्याने ‘ही बस कुठे जाते हो’ विचारायचं? शेवटी अंदाज बांधला. जंगलाला जाणारी म्हणजे लांबची, लांबची म्हणजे रिकामी. एक रिकामी दिसली, चढलो.

चांगला अर्धा तास वळणं घेत गेली. मी खिडकीतून झाडांची वाट बघतोय, तर एकदम काचेवर धो धो पाणी. म्हटलं पाऊस. पाऊस दोन्ही बाजूंनी सारखाच आणि ब्रशसकट! ड्रायव्हर मागे वळून ओरडला, “अहो काका, तुम्ही आत कसे? ही गाडी झोपायला चाललीय!”

डेपो. बस धुवायची जागा.

आणि खरी कमाल पुढेच. मागच्या दारातून त्या पिवळ्या रेनकोटवाल्या बाईही उतरल्या. म्हणजे त्याही चुकल्या. मला जरा बरंच वाटलं. डोळे धडधाकट असूनही लोक चुकतात. इथे निदान त्यांच्या रेनकोटाचा उपयोग झाला.

ड्रायव्हरने परत स्टँडवर सोडणारी बस दाखवली. तोपर्यंत दिवस कलला होता. घरी आलो.

१४ सप्टेंबर, सोमवार

आज वाईट दिवस. सकाळी चहा कपाच्या बाहेर ओतला आणि पुसायलाही उठलो नाही.

मनात येतं ते लिहितो, इथे कोण वाचणार आहे. मला भीती वाटते. अंधाराची नाही, कारण डॉक्टरीणबाई म्हणाल्या अंधार होणार नाही. भीती वाटते ती शेजारच्या सीटची. आयुष्यभर मी शेजारच्या सीटवर बसलो, पण माझ्या पायाखाली ब्रेक होता. आता मी शेजारी बसणार आणि पायाखाली काही नसणार. ठकी प्रेमानेच करेल सगळं. उठा, बसा, गोळी घ्या, तिकडे नको, इकडे. आणि मी हो हो म्हणत सहाव्या मजल्यावरून खाली बघणार, तेही कडेकडेने.

रात्री जेवताना तिचा फोन. “डेपोत निदान चहा तरी मिळाला का?”

मी काल तिला एवढंच म्हणालो होतो की चुकीची बस पकडली. डेपोचं सांगितल्याचं आठवत नाही. डोळ्यांपाठोपाठ डोकंही चाललं की काय?

१७ सप्टेंबर, गुरुवार

खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या होत्या. या माझ्या शाळेतून तीनदा नापास. क्लच सोडा म्हटलं की दोन्ही पाय सोडायच्या. शेवटी त्याच म्हणाल्या, “भाऊजी, मला बसच बरी,” आणि तेव्हापासून शहराच्या कानाकोपऱ्यात बसने हिंडतात.

मी त्यांना स्टँडवरची फजिती सांगितली. डेपो ऐकून हसून हसून त्यांना ठसका लागला.

“अहो, पण विचारायचं ना!”

“कुणाला?”

“ड्रायव्हरला. बस आली की हात करायचा, दारात एक पाय ठेवायचा आणि विचारायचं. जंगलाचं मागचं फाटक? हो म्हणाला तर चढायचं, नाही म्हणाला तर पाय काढायचा. एवढं सोपं आहे.”

“आणि मागचे लोक खोळंबतात ते?”

“खोळंबू देत की. मी तुमच्या गाडीत क्लच सोडायचे तेव्हा अख्खा चौक खोळंबायचा. तुम्ही काय म्हणायचात? वाजवू देत हॉर्न, आपण शिकतोय.”

माझंच वाक्य माझ्याच तोंडावर.

जाता जाता पायऱ्यांवरून म्हणाल्या, “तुमच्या लेकीला म्हणावं, रेनकोट सावकाश दिला तरी चालेल. पण एका रविवारपुरता म्हणून नेला होता, आता तिसरा रविवार येतोय.” काय देवाणघेवाण चालते या बायकांची, मला कळत नाही.

२० सप्टेंबर, रविवार

सकाळपासून मुसळधार. गेलो नाही. त्या पिवळ्या रेनकोटवाल्या बाई आज घरातच असतील, असं उगाच मनात आलं.

दुपारी ठकी आणि जावई आले. मागच्या खोलीला रंग दिलाय म्हणे. ठकीने टेप काढून माझ्या पलंगाची लांबी मोजली. मोजताना माझ्याकडे बघत नव्हती. आता तिचे डोळे मला दिसत नाहीत, पण मान कुणीकडे आहे ते कळतं.

“अजून एक रविवार आहे,” मी म्हणालो.

“हो बाबा. म्हणूनच नुसतं मोजतेय.”

जावई गॅलरीत जाऊन उगाच पाऊस बघत उभे राहिले.

२३ सप्टेंबर, बुधवार

सराव केला. आमच्या थांब्यापलीकडच्या मोठ्या रस्त्यावर उभा राहून येईल त्या बसला हात केला, दारात पाय ठेवला आणि विचारलं, “कुठे जाते?” ड्रायव्हरने सांगितलं की पाय काढला. पाच-सहा बस थांबवल्या, एकही पकडली नाही. शेवटचा ड्रायव्हर म्हणाला, “काका, तुम्हाला जायचं नेमकं कुठे आहे?” मी म्हणालो, “आज कुठेच नाही. मी शिकतोय.” त्याने काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

पण जीभ सुटली. पहिल्यांदा फार जड गेलं, तिसऱ्यांदा मजा यायला लागली.

२७ सप्टेंबर, रविवार

आज सगळं लिहायचं आहे. पानं कितीही लागोत.

स्टँडवर तिसऱ्या बसला ड्रायव्हर म्हणाला, “हो, मागचं फाटक. चढा.” मी चढलो. मागून पिवळा रेनकोट चढला. आभाळ स्वच्छ. आता मला त्यांची सवय झाली होती. मी मान लववून नमस्कार केला. त्यांनी गडबडून खिडकीकडे तोंड फिरवलं. लाजाळू दिसतात.

बस शेतांमधून, एका शाळेवरून, विटांच्या भट्टीवरून गेली आणि थांबली. ड्रायव्हर म्हणाला, “शेवटचा थांबा.” मी उतरलो तर समोर फाटक. उघडं. कुणीही जावं.

वनरक्षक खुर्चीवर बसले होते. त्यांनी समजावलं, “लाल पट्ट्याचे खांब तळ्यापर्यंत नेतात आणि परत इथेच आणतात. निळ्या पट्ट्याचे आरपार, समोरच्या फाटकापर्यंत. सूर्य मावळला की फाटकं बंद.” मला अक्षरं वाचता येत नाहीत, पण पट्टे दिसतात. मी लाल धरला.

आता आत काय आहे ते लिहितो, कारण हजार लोकांनी मला विचारलं आणि मी त्यांना धड उत्तर दिलं नाही.

आत जमीन मऊ आहे. पाय टाकला की ती जरा खाली जाते आणि परत वर येते. आवाज एकावर एक रचलेले असतात, अगदी वर पानांचा, मधे पाखरांचा, खाली आपल्याच पावलांचा. एक झाड आडवं पडलंय, त्याची मुळं माझ्या डोक्यापेक्षा उंच, आणि मुळांत अडकलेले दगड अजून तसेच. एका झाडाने तारेचं जुनं कुंपण गिळलंय. तार या बाजूने खोडात शिरते आणि त्या बाजूने बाहेर येते. मी दोन्ही बाजूंना हात लावून बघितला. कुठेतरी एक पक्षी लाकूड ठोकत होता, ठोकायचा, थांबायचा, जणू आतून कुणी ‘कोण आहे’ म्हणतंय का ते ऐकायचा. तळ्यावर एक बाक आहे, पण त्याचं तोंड तळ्याकडे नाहीच, झाडीकडे आहे. असं का केलं असेल? मी बराच वेळ त्यावर बसून विचार केला. बसल्यावर कळलं. पाणी आपोआप कडेला दिसत राहतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही. जंगलात मधोमध बघण्यासारखं काही नसतंच. सगळं कडेला असतं. रस्त्यावर, घरात, माणसांत माझा डाग सारखा आड येतो. इथे तासभर मला डागाची आठवणसुद्धा झाली नाही. मी तिथे बाकावर बसून मोठ्याने हसलो. मागे थोड्या अंतरावर रेनकोट थबकला. मी म्हणालो, “काही नाही ताई, चालू द्या.”

लाल पट्ट्यांनी परत फाटकाशी आलो तेव्हा दुपार उतरली होती. थांब्यावर उभा राहिलो. बस येईना. रेनकोटवाल्या बाई पाटीजवळ गेल्या, काहीतरी वाचलं आणि तशाच उभ्या राहिल्या. शेवटी वनरक्षक आले. “रविवारी इथून संध्याकाळची गाडी नसते, लिहिलंय ना पाटीवर. आता समोरच्या फाटकाकडूनच. तिकडे पुलाजवळ मिळते. पण तुम्ही पोहोचेपर्यंत ते फाटक बंद झालेलं असेल.”

बाईंनी खिशातून फोन काढला. त्यांनी मोठा श्वास घेतला, काहीतरी बोलणार असाव्यात. मला वाटलं, घाबरल्या. त्या बोलायच्या आत मीच म्हणालो, “ताई, घाबरू नका. गोल फिरणारं एक फाटक आहे, त्यातून बाहेर पडता येतं, कधीही. मी बघून ठेवलंय. माझ्याबरोबर चला.”

वनरक्षक म्हणाले, “बरोबर आहे. ते उघडंच असतं.”

मग फोन खिशात गेला.

निळे पट्टे धरून निघालो. मी पुढे, त्या मागे. मी बोलत होतो, त्या एक अक्षर बोलत नव्हत्या. बोलता येत नसावं बिचारीला, असं समजून मी दुप्पट बोललो. मुळांपासून पाय जपा म्हणालो, गाडी कशी शिकवायचो ते सांगितलं. मला एक लेक आहे, तिचे हात फार चांगले आहेत, हेही सांगितलं. म्हणालो, ती मला घरी न्यायला बघतेय, आणि मी नको म्हणतो म्हणून तिला वाटतं मला तिच्याकडे आवडत नाही. तसं नाही हो. तिच्या घरी पाहुणा म्हणून जायला मला फार आवडतं. रोज उठून पाहुणा कसं व्हायचं, एवढंच. मागून नाक ओढल्याचा आवाज आला. थंडी पडायला लागली होती.

एके ठिकाणी वाट फुटली. खांब होता, पण वेलींनी असा झाकला होता की पट्टा कुठला ते दिसेना. मी चाचपत होतो, तेवढ्यात बाई फोन समोर धरून उजवीकडे चालायला लागल्या.

मी थांबलो आणि ऐकलं. डावीकडून, लांबून, ट्रकचा आवाज. चढावर आला, अडखळला, दुसरा गिअर पडला, गुरगुरला. माझा पूल! जगात कुठेही सोडा, तो पूल मला ऐकू येईल.

“ताई,” मी ओरडलो, “तिकडे नाही. इकडे या.”

त्या वळल्या. फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मुकाट्याने माझ्या मागे आल्या.

उजेड असेपर्यंत कुंपण लागलं. गोल फाटक मी ढकललं आणि ते फिरलं, अगदी अलगद. तीन आठवड्यांपूर्वी मला आत न घेणारं तेच फाटक. आधी त्यांना जाऊ दिलं, मग मी. थांब्यावर बस आली, मी हात केला, दारात पाय ठेवला, विचारलं, “शहरात जाते ना?” जाते. चढलो. बसमध्ये एकच दोन माणसांची सीट रिकामी होती. मी खिडकीशी बसलो. बाई उभ्याच. “बसा हो,” मी म्हणालो. बसल्या.

पंपाजवळ कुणीतरी आडवं आलं. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला. माझा उजवा पाय खाली गेला, ते नेहमीचंच. पण त्याच क्षणी शेजारचाही पाय गेला. टाचेसकट उचलून, अख्खा तळवा. थाप!

मी खाली बघितलं. खालचं मला छान दिसतं. चिखलाने माखलेला बूट, आणि टाच अजून हवेत.

तोंडातून आपोआप निघालं, “टाच खाली.”

टाच खाली गेली.

बस परत सुरू झाली. मग पिवळा रेनकोट हलायला लागला. आधी वाटलं हसतेय, आणि हसतच होती, पण नुसती हसत नव्हती. तिने टोपी मागे टाकली आणि डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. अठराव्या वर्षी परीक्षा पास झाली तेव्हा ठेवलं होतं, त्यानंतर आजच.

“डेपोतसुद्धा?” मी विचारलं.

“डेपोतसुद्धा. बूट भिजले होते माझे.”

“आणि जंगलभर मी तुला ताई म्हणत होतो.”

“मीच रस्ता चुकले बाबा. तुम्ही हाक मारली नसती तर मी कुठे गेले असते कोण जाणे.” मग जरा वेळाने, “ते पाहुण्याचं, मला कधी सांगितलं नव्हतंत.”

“तुला कुठे सांगत होतो? त्या बाईंना सांगत होतो.”

ती परत हसली. मला राग यायला हवा होता. चोरून मागे फिरली, आणि मी समजत होतो मी एकटा. पण राग आला नाही. मला आठवलं, वळणावर शिकाऊ माणूस घाबरला की माझा पाय ब्रेकवर तयार असायचा, दाबायचा नाही, नुसता तयार. ती तीन आठवडे तसाच पाय धरून बसली होती. आणि आज फाट्यावर, फोन हातात असून, तिने तो पाय काढून घेतला.

आमचा थांबा यायच्या आधी घंटी मी दाबली. ती म्हणाली, “पुढच्या रविवारी मी येणार नाही, बाबा. तुम्ही जा.”

याचा अर्थ मला कळला. माझा पलंग इथेच राहणार.

“ये की,” मी म्हणालो. “तळ्यावरचा बाक दोघांचा आहे. फक्त रेनकोट वहिनींना देऊन टाक, आणि मागे नको, शेजारी बस.”